नळी उघडली, पण रक्त पोहोचले का?

दिवाळीनंतरचे दिवस होते. सोयाबीनची आवक जोरात असल्यामुळे मार्केट यार्डात पहाटेपासून वाहनांच्या रांगा लागत होत्या. आमच्या धाराशिव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझ्या धाकट्या चुलत भावाचे आडत दुकान आहे. त्याचे वय एकसष्ट असून मधुमेह जुना आहे. त्या दिवशी रात्री आठच्या सुमारास शेजारच्या जिल्ह्यातील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाबाहेर आम्ही सारे उभे होतो. हृदयाची बंद पडलेली रक्तवाहिनी उघडून स्टेंट बसवून तीन तास झाले होते. तरीही त्याचा रक्तदाब सावरत नव्हता आणि श्वासही लागत होता.

माझा पुतण्या संतापला होता. "काका, नळी उघडली म्हणतात, मग माणूस सुधारत का नाही? स्टेंट हलका घातला असेल का?" त्याचा आवाज चढला तेव्हा डॉक्टर बाहेर आले. न रागावता ते आम्हाला आत घेऊन गेले आणि त्यांनी संगणकाच्या पडद्यावर चित्रफीत दाखविली. स्टेंट बसल्यानंतर मोठी रक्तवाहिनी रुंद आणि मोकळी दिसत होती. परंतु तिच्यात सोडलेला रंग पुढे सरकत नव्हता, जागीच रेंगाळत होता. डॉक्टर म्हणाले, "रस्ता मोकळा झाला आहे, पण गल्ल्या बंद आहेत. याला आम्ही 'नो-रिफ्लो' म्हणतो." मग त्यांनी शांतपणे विचारले, "छातीत दुखायला नेमके किती वाजता लागले?"

या एका प्रश्नाला तीन उत्तरे आली. पुतण्या म्हणाला, "दुपारी दोनला." मुनीम म्हणाले, "अकराच्या सुमारास ते सारखे घाम पुसत होते." भावाची पत्नी मान खाली घालून म्हणाली, "पहाटे सहालाच छाती जड झाली होती. पित्त असेल म्हणून त्यांनी सोडा घेतला आणि दुकानात गेले."

रुग्णालयाच्या कागदावर 'दुपारी दोन' अशी नोंद होती. रक्तवाहिनी उघडली सायंकाळी पाचला. म्हणजे कागदावर तीन तास आणि प्रत्यक्षात अकरा. बँकेत पस्तीस वर्षे कागद तपासण्यात गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्या आठ तासांच्या तफावतीने पुढे कित्येक दिवस झोपू दिले नाही. मी डॉक्टर नव्हे, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. परंतु त्यानंतर या विषयावर जे वाचले, जाणकारांना विचारून जे समजून घेतले, ते समाजबांधवांसमोर मांडणे मला कर्तव्य वाटते.

कालवा आणि चाऱ्या

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की पुढचा स्नायू उपाशी पडतो आणि हळूहळू मरू लागतो. हाच हृदयविकाराचा झटका. मनगटातून किंवा मांडीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन, फुग्याने अडथळा दाबून, तेथे जाळी बसविणे म्हणजे अँजिओप्लास्टी. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिक येथे हृदयाच्या रक्तवाहिनीवर फुग्याची पहिली अँजिओप्लास्टी केली. पुढे झटका आलेला असतानाच तातडीने ही क्रिया करण्याची पद्धत रूढ झाली आणि तिने असंख्य प्राण वाचविले.

परंतु पडद्यावर दिसते ती केवळ मोठी रक्तवाहिनी. तिच्या पुढे केसाच्या दहाव्या भागाइतक्या बारीक केशवाहिन्यांचे जाळे असते आणि प्राणवायू स्नायूला मिळतो तो तेथेच. आपण मराठवाड्याची माणसे. धरणाचे दार उघडून कालवा भरून वाहू लागला तरी चाऱ्यांत गाळ साचलेला असेल तर शेत कोरडेच राहते, हे आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही. 'नो-रिफ्लो' म्हणजे हेच. कालवा वाहतो, पण शेताला पाणी लागत नाही.

हा गाळ अनेक मार्गांनी साचतो. फुगा फुगविताना गुठळीचे आणि चरबीचे सूक्ष्म कण सुटून पुढे वाहतात व बारीक वाहिन्यांत अडकतात. रक्तावाचून बराच वेळ गेल्यामुळे त्या वाहिन्यांच्या भिंती आतून सुजतात आणि भोवतालचा सुजलेला स्नायू त्यांना बाहेरूनही दाबतो. अचानक रक्त परतले की पांढऱ्या पेशी आणि रक्तबिंबिका तेथे गोळा होऊन नवा अडथळा उभा करतात. शिवाय काहींच्या केशवाहिन्या मधुमेहामुळे किंवा प्रकृतिधर्माने आधीच नाजूक असतात.

वेळेचे महत्त्व विज्ञानाला फार पूर्वी कळले होते. क्लोनर, गॅनोट आणि जेनिंग्ज या अमेरिकी संशोधकांनी १९७४ साली प्राण्यांच्या हृदयांवर प्रयोग करून दाखविले की, रक्तवाहिनी चाळीस मिनिटे बंद ठेवून उघडली तर रक्त सर्वत्र परतते, परंतु नव्वद मिनिटांनंतर उघडली तर स्नायूच्या काही भागांत ते परततच नाही. प्रयोगाची ही रीत आपल्या मनाला रुचणारी नाही. तरीही त्यातून समजलेले सत्य विसरून चालणार नाही. उशिरा उघडलेले दार कधी कधी उघडूनही बंदच राहते.

हे कितीजणांच्या बाबतीत घडते?

डॉक्टर रक्तप्रवाहाला 'टिमी' नावाच्या मोजपट्टीने शून्य ते तीन अशी श्रेणी देतात. शून्य म्हणजे प्रवाह नाही, तीन म्हणजे सुरळीत प्रवाह. अमेरिकेतील सुमारे २ लाख ९१ हजार तातडीच्या अँजिओप्लास्टींच्या नोंदी तपासून २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात डोळ्यांना दिसणारा 'नो-रिफ्लो' शंभरात सुमारे दोन जणांनाच झाल्याचे आढळले. परंतु ज्यांना तो झाला त्यांच्यापैकी १२.६ टक्के रुग्ण रुग्णालयातच दगावले, तर इतरांत हे प्रमाण ३.८ टक्के होते.

प्रश्न एवढ्यावर संपत नाही. प्रवाह वरवर सुरळीत दिसत असतानाही आत, स्नायूच्या पातळीवर, अडथळा राहू शकतो. तो एम.आर.आय. तपासणीत दिसतो. सात अभ्यासांतील १,६८८ रुग्णांची माहिती एकत्र करून २०१७ मध्ये मांडलेल्या विश्लेषणात निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये, म्हणजे सुमारे ५७ टक्क्यांमध्ये, असा सूक्ष्म अडथळा सापडला. तो जितका मोठा, तितका वर्षभरात मृत्यूचा आणि हृदय दुर्बल होऊन पुन्हा दाखल होण्याचा धोका अधिक.

याचा अर्थ अँजिओप्लास्टी व्यर्थ आहे असा कोणी काढू नये. रक्तवाहिनी उघडलीच नाही तर सर्वच शेत जळते. उघडल्याने बरेच वाचते. प्रश्न एवढाच की, जे वाचू शकत होते ते सगळे वाचले का?

पुतण्याच्या मनातील 'हलक्या स्टेंट'च्या शंकेबद्दलही येथे दोन शब्द लिहिले पाहिजेत. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र शासनाच्या औषध किंमत प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली. साध्या स्टेंटसाठी ७,२६० रुपये आणि औषधी लेप असलेल्या स्टेंटसाठी २९,६०० रुपये, त्यावरील कर वेगळा. त्या मर्यादेत नंतर वेळोवेळी बदल होत गेले. किंमत उतरली म्हणून स्टेंट निकृष्ट झाला, असा समज अनेकांच्या मनात घर करून बसला आहे. परंतु 'नो-रिफ्लो'चा अडथळा स्टेंटच्या जागी नसतो, त्याच्या पुढे असतो. लाख रुपयांचा स्टेंट बसविला असता तरी माझ्या भावाच्या केशवाहिन्या उघडल्या नसत्या.

आधी ओळखता येते का?

एकदा प्रवाह अडला की हमखास गुण देणारा उपाय आजही हाती नाही. गुठळी आधी शोषून काढावी, ही कल्पना सर्वांना पटण्यासारखी होती. परंतु २०१३ साली उत्तर युरोपातील ७,२४४ रुग्णांच्या आणि २०१५ साली अनेक देशांतील १०,७३२ रुग्णांच्या अभ्यासात, सरसकट सर्वांची गुठळी शोषल्याने मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. दुसऱ्या अभ्यासात तर पक्षाघाताचे प्रमाण किंचित वाढले. गुठळी विरघळविणारे औषध थोड्या मात्रेत थेट हृदयाच्या रक्तवाहिनीत सोडण्याचा ब्रिटनमधील ४४० रुग्णांवरील प्रयोगही २०१९ साली निष्फळ ठरला. केशवाहिन्या सैल करणारी काही औषधे डॉक्टर वापरतात, काहींना त्यांचा गुणही येतो, परंतु खात्री कोणी देत नाही.

म्हणूनच गेली दोन दशके संशोधक दुसरा प्रश्न विचारीत आहेत. हा धोका कोणाला आहे, हे नळी घालण्यापूर्वीच ओळखता येईल का? निरनिराळ्या देशांतील अभ्यासांतून काही खुणा पुन्हा पुन्हा पुढे आल्या आहेत.

पहिली आणि सर्वांत ठळक खूण म्हणजे वेळ. नेदरलँड्समधील १,७९१ रुग्णांच्या २००४ सालच्या अभ्यासात, रक्तवाहिनी उघडण्यास होणाऱ्या प्रत्येक अर्ध्या तासाच्या विलंबामागे वर्षभरातील मृत्यूचा धोका सुमारे साडेसात टक्क्यांनी वाढत गेला.

दुसरी खूण म्हणजे दाखल होतानाची रक्तशर्करा. जपानमधील १४६ रुग्णांच्या २००३ सालच्या एका अभ्यासात, ज्यांची साखर दाखल होताना १६० किंवा अधिक होती, त्यांच्यापैकी ५२ टक्क्यांना हा त्रास झाला. त्याखालील गटात हे प्रमाण १४ टक्के होते. विशेष म्हणजे, मागील तीन महिन्यांची सरासरी साखर दोन्ही गटांत सारखीच होती. झटक्याच्या ताणाने त्या क्षणी चढलेली साखर ही स्वतंत्र खूण आहे.

तिसऱ्या गटात रुग्णाची अवस्था येते. उतारवय, दाखल होताना घसरलेला रक्तदाब, वाढलेली नाडी, फुप्फुसांत साचलेले पाणी आणि कमजोर मूत्रपिंड. चौथी खूण चित्रफितीत दिसते. रक्तवाहिनी पूर्ण बंद असणे, गुठळी मोठी असणे, अडथळा लांबलचक असणे. साध्या रक्ततपासणीतील पांढऱ्या पेशींच्या दोन प्रकारांचे परस्पर प्रमाणही काही अभ्यासांत उपयोगी ठरले आहे.

एक खूण मात्र आपल्या हातातली आहे. त्याच जपानी संशोधकांनी २००६ साली २९३ रुग्णांची माहिती मांडली. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन गोळी आधीपासून नियमित घेणाऱ्यांपैकी ९ टक्क्यांना, तर न घेणाऱ्यांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना 'नो-रिफ्लो' झाला. अभ्यास लहान आहे. गोळी घेणारे फक्त ३३ जण होते. त्यामुळे हा निर्णायक पुरावा नव्हे. परंतु "आता कोलेस्टेरॉल नॉर्मल आले" म्हणून परस्पर गोळी बंद करणाऱ्यांनी थोडा विचार करावा, इतके वजन त्याला नक्कीच आहे. माझ्या भावानेही ती गोळी सहा महिन्यांपूर्वी आपल्या मनाने सोडली होती.

गुणांकन म्हणजे निकाल नव्हे

अशा खुणांना गुण देऊन, त्यांची बेरीज करून धोका सांगणारी कोष्टके तयार झाली आहेत. अलीकडे संगणकाला हजारो रुग्णांची माहिती शिकवून हेच काम करविले जाते. ही रीत मला अपरिचित वाटली नाही. बँकेत कर्ज देताना आम्ही अर्जदाराचे पतगुणांकन करीत असू. मागील हजारो खात्यांच्या अनुभवावरून कोणत्या लक्षणांचे खाते थकते, याचा तो अंदाज असे. परंतु उत्तम गुण मिळविलेला कर्जदार बुडालेला आणि कमी गुणांच्या माणसाने पै-पै फेडलेली, हे दोन्ही मी पाहिले आहे. गुणांकन समूहाविषयी बोलते, एका व्यक्तीचे भविष्य सांगत नाही.

दुसरी मर्यादा अशी की, एका प्रांतात बसविलेले कोष्टक दुसऱ्या प्रांतात जसेच्या तसे लागू पडेलच असे नाही. शहरी पगारदारांसाठी केलेले गुणांकन आमच्या ग्रामीण शाखेतील हंगामी उत्पन्नाच्या शेतकऱ्याला लावले की चुकत असे. चीन, तुर्कस्तान किंवा युरोपातील रुग्णांवरून तयार झालेले कोष्टक आपल्या माणसांवर तपासून घेतल्यावरच त्याच्यावर विसंबता येते.

मग अशा अंदाजाचा उपयोग काय? धोका अधिक आहे असे आधी कळले तर डॉक्टर औषधे हाताशी तयार ठेवतात, फुगा वारंवार किंवा जोराने फुगविणे टाळतात, अतिदक्षता विभागाची तजवीज आधी करतात आणि नातेवाइकांना खरी कल्पना देतात. धोका अधिक आहे म्हणून अँजिओप्लास्टी टाळावी, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. माझ्या भावाच्या बाबतीत खरी वेळ आधी सांगितली असती तर काय बदलले असते, असे मी डॉक्टरांना विचारले. ते प्रामाणिकपणे म्हणाले, "अँजिओप्लास्टी तरीही केलीच असती. पण आमची तयारी वेगळी असती, आणि तुमचीही." ते 'तुमचीही' माझ्या मनात रुतून बसले.

विलंब कोठे होतो?

भारतातील ५० शहरांमधल्या ८९ रुग्णालयांत २००१ ते २००५ या काळात झालेला 'क्रिएट' नावाचा मोठा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. वीस हजारांहून अधिक रुग्णांच्या त्या नोंदींत लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचण्याचा मध्यम कालावधी ३६० मिनिटे होता, म्हणजे निम्म्या रुग्णांना सहा तासांहून अधिक वेळ लागला. रुग्णालयात आल्यावर गुठळी विरघळविणारे औषध मिळण्यास मात्र ५० मिनिटे लागली. हे आकडे जुने आहेत, परंतु त्यांचा रोख स्पष्ट आहे. मोठा विलंब रुग्णालयाच्या दाराबाहेर होतो. घरात, दुकानात आणि रस्त्यावर.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न अधिक टोकदार आहे. धाराशिव शहरातून सोलापूर ६५ ते ७० किलोमीटरवर आहे. कळंबची माणसे लातूरकडे धाव घेतात, परंडा-भूमची बार्शीकडे, उमरग्याची सोलापूर किंवा लातूरकडे. काही जण तर थेट पुण्याची वाट धरतात. धाराशिवला २०२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही समाधानाची गोष्ट आहे. तरीही मध्यरात्री छातीत कळ आलेल्या माणसाला खेड्यातून कॅथलॅबपर्यंत पोहोचण्यास किती वेळ लागेल, याचा हिशेब प्रत्येक घराने करून ठेवावा.

आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, निदान झाल्यापासून दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणे शक्य असेल तर तीच उत्तम. शक्य नसेल, तर जवळच्या रुग्णालयातच गुठळी विरघळविणारे इंजेक्शन द्यावे आणि मग रुग्णाला मोठ्या ठिकाणी हलवावे. तासाभराने पुन्हा ई.सी.जी. काढून गुण आला का ते पाहिले जाते. आला नसेल तर तातडीने, आला असेल तर साधारणपणे दोन ते चोवीस तासांत अँजिओग्राफी केली जाते. हे इंजेक्शन म्हणजे जुनाट किंवा गरिबांचा उपाय, असा गैरसमज आपल्या सधन घरांत आहे. "येथे काही करू नका, आम्ही थेट मोठ्या दवाखान्यात नेतो" असे सांगून नातेवाईक रुग्णाला गाडीत घालतात. आपल्यासारख्या दूरच्या तालुक्यांसाठी कित्येकदा हेच इंजेक्शन पहिला आणि योग्य उपाय असते. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांना, मेंदूत पूर्वी रक्तस्राव झालेल्यांना किंवा अन्यत्र रक्तस्रावाचा धोका असलेल्यांना ते देता येत नाही. म्हणून निर्णय अर्थातच डॉक्टरांचा.

तमिळनाडूत लहान रुग्णालये आणि कॅथलॅबची केंद्रे अशी एकमेकांशी जोडून २,४२० रुग्णांचा अभ्यास करण्यात आला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरातील मृत्यूचे प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले. महाराष्ट्राच्या आरोग्य विभागानेही लहान रुग्णालयातील ई.सी.जी. दूरच्या तज्ज्ञांकडे तत्काळ पाठविण्याचा 'स्टेमी महाराष्ट्र' प्रकल्प हाती घेतला. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून आहे. खर्चाच्या बाजूने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत रुग्णालयांत अँजिओप्लास्टीचा समावेश आहे. आपल्या परिसरातील कोणते रुग्णालय अंगीकृत आहे, हे आजच विचारून ठेवावे. झटक्याच्या रात्री ती चौकशी होत नाही.

दुकान, व्रत आणि गोळ्या

व्यापारी माणसाचा स्वभाव असा की, सौदा सुरू असताना तो उठत नाही. हमाल, मापाडी, शेतकरी सारे समोर असतात. आपण उठलो तर खोळंबा होईल, असे वाटते. मधुमेह्यांना तर छातीत कळ न येता केवळ धाप, घाम, मळमळ किंवा गळून गेल्यासारखे वाटू शकते. स्त्रियांमध्येही लक्षणे अनेकदा अशीच अस्पष्ट असतात आणि घरातील कामांच्या रगाड्यात त्या ती अंगावर काढतात. 'पित्त' हा शब्द आपल्या घरांत फार स्वस्त झाला आहे. छाती, जबडा, खांदा किंवा पोटाच्या वरच्या भागातील जडपणा पंधरा-वीस मिनिटांत ओसरला नाही तर तो पित्त आहे की नाही, हे ई.सी.जी.ने ठरवावे, सोड्याने नव्हे. पहिला ई.सी.जी. चांगला आला आणि त्रास सुरूच असेल तर थोड्या वेळाने दुसरा काढावा लागतो.

जिभेखाली ठेवण्याची गोळी अनेक घरांत असते. ती डॉक्टरांना न विचारता देऊ नये. काही प्रकारच्या झटक्यांत तिने रक्तदाब एकदम कोसळतो. अ‍ॅस्पिरिन चघळून घेणे बहुतेकांना हितकारक असते, परंतु अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास असलेल्यांना नाही. म्हणून फोनवर का होईना, विचारून द्यावी.

आपल्याकडे चौविहार पाळणारी ज्येष्ठ मंडळी पुष्कळ आहेत. रात्री औषध घ्यावे लागेल म्हणून पहाटेपर्यंत वेदना सोसणाऱ्या एक-दोन व्यक्ती माझ्या माहितीत आहेत. त्याग-प्रत्याख्यानाच्या परंपरेतच आगारांची, म्हणजे अपवादांची, तरतूद पूर्वाचार्यांनी करून ठेवली आहे. आपल्या गुरुमहाराजांना आधीच विचारून मनातील किंतु दूर करून घ्यावा. तसेच स्टेंट बसविलेल्यांनी पर्युषण किंवा दशलक्षण पर्वातील उपवासाचा संकल्प करण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांशी बोलावे. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मध्येच बंद केल्यास स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. यांपैकी काही गोळ्या दिवसातून दोनदा घ्याव्या लागतात. त्यांच्या वेळा सूर्यास्तापूर्वी कशा बसविता येतील, हे डॉक्टर सांगू शकतात. मात्र त्यांना आपण विचारले पाहिजे.

घरातील एक पान

आपण रोजमेळ एक दिवसही चुकवीत नाही. तशीच शरीराच्या नोंदीसाठी एका पानाची जागा घरात आणि दुकानाच्या गल्ल्यात असावी. त्यावर पुढील गोष्टी असाव्यात.

१. चालू असलेल्या सर्व गोळ्यांची नावे आणि मात्रा. स्वतःहून बंद केलेल्या गोळ्या व त्या बंद केल्याची तारीख.

२. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार, पूर्वीची शस्त्रक्रिया, रक्तस्राव, औषधांची अ‍ॅलर्जी.

३. मागील ई.सी.जी.ची प्रत. जुन्या-नव्याची तुलना डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

४. चोवीस तास ई.सी.जी. निघणारे सर्वांत जवळचे ठिकाण आणि सर्वांत जवळची कॅथलॅब, दोन्हींचे फोन क्रमांक. गाडी कोण चालवील त्याचे नाव. रुग्णाने स्वतः गाडी चालवू नये.

५. एक रिकामी ओळ: 'त्रास सुरू झाल्याची वेळ'. पहिली अस्वस्थता वाटली ती वेळ लिहावी. असह्य झाले ती वेळ वेगळी लिहावी. दोन्ही खऱ्या असाव्यात. रुग्ण रागावेल किंवा लोक काय म्हणतील, या संकोचाने वेळ पुढे ढकलू नये.

अँजिओप्लास्टीनंतर डॉक्टरांना तीन प्रश्न नम्रपणे विचारावेत. प्रवाह कितव्या श्रेणीचा आला? तास-दीड तासानंतरच्या ई.सी.जी.मध्ये आलेखाचा चढ पुरेसा उतरला का? हृदयाची पंपिंग क्षमता किती आहे? दुसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. आलेख खाली आला तर रक्त स्नायूपर्यंत पोहोचल्याची ती सोपी आणि स्वस्त खूण असते. या तीन उत्तरांवरून पुढील काळजीची दिशा कळते आणि रुग्णालयाच्या दारात होणारे निष्कारण वादही टळतात.

कुंथलगिरीसारख्या आपल्या सिद्धक्षेत्री दूरदूरहून ज्येष्ठ यात्रेकरू येतात. धर्मशाळेच्या कार्यालयात जवळच्या ई.सी.जी. केंद्राचा आणि रुग्णवाहिकेचा क्रमांक ठळक अक्षरांत लावावा, अशी विनंती मी या निमित्ताने विश्वस्त मंडळींना करतो. स्थानिक मंडळांनी वर्षातून एकदा असे पान भरून घेण्याचा कार्यक्रम ठेवला तर त्याला फारसा खर्च येणार नाही.

माझा भाऊ वाचला. सतरा दिवसांनी तो घरी आला. हृदयाची पंपिंग क्षमता पस्तीस टक्क्यांवर स्थिरावली आहे. नियमित औषधे आणि मोजके चालणे सुरू आहे. पण जिना चढताना तो मधल्या पायरीवर थांबतो, आणि दुकानाच्या गादीवर आता पुतण्या बसतो. मागच्या महिन्यात मी गेलो तेव्हा भाऊ म्हणाला, "दादा, त्या दिवशी अकरा वाजेपर्यंत सौद्यात किती फायदा झाला ते मला अजून आठवतं. छाती कधी भरली ते मात्र मी कोणाला सांगितलं नाही." गल्ल्यामागच्या भिंतीवर पुतण्याने ते पान चिकटवले आहे. शेवटची ओळ रिकामी आहे. ती रिकामीच राहो.

जय जिनेंद्र.